‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे!

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास आणि पेपरात एक निबंध, तोही ‘पावसाळ्यातील एक दिवस’. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. हा लेख इंग्लिश सेक्शनला देता आला असता. पण ज्या एका माणसाने तो वाचावा असं मला मनापासून वाटतं, ते आमचे लॅबचे काका. ते इंग्लिश सेक्शन उघडत नाहीत. मराठी विभाग मात्र संपादकीयापासून शेवटच्या चारोळीपर्यंत वाचतात. म्हणून इथे.

तर मंडळी, विषय आहे ‘सर्व्हर डाऊन’. हे दोन शब्द आता मराठीच झाले आहेत. बँकेत जा, सर्व्हर डाऊन. दाखल्यासाठी सेतू केंद्रात जा, सर्व्हर डाऊन. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असेल तर विचारायलाच नको. पूर्वी म्हणे ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं सांगायचे. साहेब निदान मीटिंग संपल्यावर बाहेर तरी यायचे! सर्व्हर कुणी पाहिलेला नसतो, तो का पडला हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी कुणी सांगत नाही. रांगेतला माणूस ‘बरं’ म्हणतो आणि घरी जातो.

बाहेरच्या लोकांचं ठीक आहे. पण आपण? चार वर्षं कॉम्प्युटर आणि आयटीच्या नावाने फी भरणारे आपण? आपणही हेच दोन शब्द वापरतो आणि निवांत मॅगी करायला घेतो. माझं म्हणणं असं की ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे, ती फक्त तक्रार आहे. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणावं आणि डॉक्टरने पावतीवर तेच लिहून द्यावं, तसला प्रकार! आणि या अर्धवट उत्तराची किंमत कुणीतरी मोजत असतं. आपल्याकडे ती कुणी मोजली ते सांगण्यासाठी हा लेख. त्यात माझाही हात आहे, तेही सांगायचंय.

ती रात्र

हॉस्टेलवाल्यांना ती रात्र आठवत असेल. दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला होता. टीईच्या टर्मवर्कचा शेवटचा दिवस. यंदा फायली हाताने द्यायच्या नव्हत्या, कॅम्पसच्या आतल्या पोर्टलवर चढवायच्या होत्या, रात्री बाराच्या आत. पोर्टल आतल्याच नेटवर्कवर, बाहेरून उघडत नाही. म्हणजे मोबाइलमधला डेटा पडून असला तरी त्याचा उपयोग शून्य.

साडेनऊच्या सुमारास लाईट गेली. पनवेलला यात नवल नाही. यूपीएसने दोन मिनिटं तग धरला आणि मान टाकली. दहा मिनिटांत लाईट आली, पंखे फिरले, नेहमीचा ओरडा झाला. पोर्टल मात्र उघडेना.

मग सुरू झाला आपला सनातन विधी. पहिल्या मजल्यावरचा राउटर एकीने बंद करून चालू केला. पाच मिनिटांनी दुसरीने तोच परत बंद करून चालू केला. बॉईज हॉस्टेलमधून कुणीतरी इंटरनेट कंपनीला फोन लावला. ते म्हणाले, आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे. (ते खरं होतं, पण त्यावर विश्वास कोण ठेवणार?) गंमत म्हणजे काही खोल्यांत पोर्टल व्यवस्थित चालत होतं! कोपऱ्यातल्या खोलीतल्या तिघी आरामात फायली चढवतायत आणि शेजारच्या खोलीत काहीच नाही. झालं! लगेच चर्चा की त्यांना वेगळी लाईन दिलीये, त्या रेक्टरच्या लाडक्या आहेत वगैरे वगैरे.

सव्वादहाला कुणीतरी लॅबच्या काकांना घरी फोन केला. त्यांची ड्यूटी साडेपाचला संपलेली. जेवण टाकून ते खांदा कॉलनीतून स्कूटरवर आले. वायरी तपासल्या, यूपीएस तपासला, स्विच बदलून पाहिला. त्यांच्याकडे जेवढ्या गोष्टींच्या किल्ल्या होत्या तेवढं सगळं त्यांनी पाहिलं. दोष तिथे नव्हताच.

तीन प्रश्न

मी हॉस्टेलच्या नेटवर्क कमिटीवर आहे. सर्व्हरचा पासवर्ड आम्हा तिघांकडे असतो. बीईचा एक सीनियर फोनवर आणि मी लॅपटॉपसमोर, असे आम्ही बसलो. त्याने मला एकच गोष्ट सांगितली, आणि ती मला चार सेमिस्टरमध्ये कुणी सांगितली नव्हती. तो म्हणाला, “आधी काहीही बंद-चालू करू नकोस. तीन प्रश्न विचार.”

पहिला प्रश्न : वाट चालू आहे का? पोर्टलच्या मशीनला नावाने नाही, त्याच्या आकडी पत्त्याने, म्हणजे आयपी ॲड्रेसने पिंग केलं. उत्तर आलं. म्हणजे वायर, स्विच, राउटर, मशीन सगळं जागेवर. बिचाऱ्या राउटरला उगाच पाच वेळा मारलं!

दुसरा प्रश्न : नावाने विचारलं तर काय होतं? इथे गाडी अडली. म्हणजे गडबड डीएनएसमध्ये. डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की पत्ता सांगणारी व्यवस्था. आता यातही ‘चालत नाही’ एवढ्यावर थांबायचं नसतं. डिग नावाचं एक छोटंसं टूल आहे, त्याने विचारलं की नेमकं कसं चालत नाही ते कळतं. आपल्या गेटवरच्या वॉचमनदादांचं उदाहरण घ्या. तुमच्या घरून कुणी भेटायला आलं आणि त्यांनी खोली विचारली, तर तीन प्रकारची निराशा होऊ शकते. एक, दादा रजिस्टर पाहून म्हणतात, “या नावाचं इथे कुणी राहत नाही.” याला म्हणतात एनएक्सडोमेन. दोन, दादा जागेवरच नाहीत, हाका मारून पाहुणे कंटाळतात. हा टाइमआउट. तीन, दादा जागेवर आहेत, रजिस्टरही समोर आहे, पण ते म्हणतात, “मला सांगता येणार नाही.” हा सर्व्हफेल. तिन्हीचा शेवट एकच, पाहुणे गेटवर. पण तिन्हीची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. आमचं उत्तर आलं सर्व्हफेल. म्हणजे सर्व्हर ‘डाऊन’ नव्हताच! तो चांगला जागा होता, बोलत होता, फक्त आपल्या हॉस्टेलच्या नावांबद्दल बोलायला नकार देत होता.

आणि कोपऱ्यातल्या त्या तिघी? त्यांच्या लॅपटॉपने पोर्टलचा पत्ता लाईट जाण्याच्या जरा आधीच विचारून घेतला होता. असं उत्तर काही काळ लक्षात ठेवायची मुभा असते, त्या मुदतीला टीटीएल म्हणतात. त्यांची मुदत संपली नव्हती, एवढाच काय तो लाडकेपणा.

तिसरा प्रश्न : उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या नोंदीत काय लिहिलंय? म्हणजे लॉग. लॉग उघडला, खाली गेले, आणि एका ओळीवर माझे डोळे थांबले. ‘जर्नल रोलफॉरवर्ड फेल्ड : जर्नल आउट ऑफ सिंक विथ झोन.’

फोनवर सीनियर म्हणाला, “कुणीतरी झोनची फाईल हाताने बदललीये.”

मी काहीच बोलले नाही. कारण ते ‘कुणीतरी’ मीच होते.

रोजकीर्द आणि खतावणी

काय झालं होतं ते समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. (कंटाळू नका, पेपरात दहा मार्कांना येतं.)

इंटरनेटच्या पूर्वजाच्या, म्हणजे अर्पानेटच्या काळात सगळ्या मशीनांची नावं आणि पत्ते एकाच फाईलमध्ये असत. ती अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधला एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. मशीनं वाढली तसं ते आटोक्याबाहेर गेलं, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडली. तिच्यात एकच मोठं रजिस्टर नाही. ज्याने-त्याने आपापल्या वाड्याचं रजिस्टर ठेवायचं. पण ती नावं माणसानेच हाताने लिहायची होती. पुढे मशीनांना कायमचा पत्ता न देता आल्या-आल्या तात्पुरता पत्ता द्यायची पद्धत आली, डीएचसीपी. मग पत्ते तासातासाला बदलू लागले. हाताने किती लिहिणार? म्हणून एप्रिल १९९७ मध्ये आरएफसी २१३६ आलं : डायनॅमिक अपडेट. म्हणजे खोली वाटप करणाऱ्यानेच गेटवरच्या रजिस्टरात परस्पर नोंद करायची. तुम्ही लॅपटॉप चालू करता, डीएचसीपी पत्ता देतो आणि लगेच डीएनएसला कळवतो. आपल्या हॉस्टेलमध्ये हेच आहे.

आता मुख्य गोष्ट. बाईंड नावाचं जे डीएनएस सॉफ्टवेअर आपण वापरतो, ते असे बदल थेट मुख्य फाईलमध्ये लिहीत नाही. आधी ते एका वेगळ्या फाईलमध्ये घडतील तसे उतरवतं. तिला जर्नल म्हणतात. मग सवडीने, साधारण पंधरा मिनिटांच्या आत, ते मुख्य फाईलमध्ये उतरवतं. मध्येच लाईट गेली तर? पुन्हा सुरू होताना मुख्य फाईल वाचायची, जर्नलमधले राहिलेले बदल तिच्यावर चढवायचे, हिशोब पूर्ण.

हे ऐकल्यावर मला माझे आजोबा आठवले. त्यांचं पेणला किराणा दुकान होतं. ते म्हणायचे, व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत लिहायचा, मग खतावणीत उतरवायचा. परस्पर खतावणीत कुणी हात घातला की दिवाळीला जमाखर्च जुळलाच म्हणून समजू नका! जर्नल म्हणजे रोजकीर्द आणि झोन फाईल म्हणजे खतावणी. मी नेमकं तेच केलं होतं. लाईट जायच्या जेमतेम दहा मिनिटं आधी नव्या प्रिंटरचं नाव घालायचं म्हणून खतावणी उघडली, ओळ लिहिली, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे वरचा सिरियल नंबर वाढवला. रीलोडची कमांड दिली तर तिने नकार दिला, ‘डायनॅमिक झोन’ म्हणून. मी वाचलं, कळलं नाही, आणि म्हटलं, सबमिशन होऊ दे, उद्या बघू.

लगेच लाईट गेली. सर्व्हर पुन्हा उठला, त्याने खतावणी उघडली, तिच्यावरचा नंबर रोजकीर्दीतल्या कुठल्याच नंबराशी जुळेना. अशा वेळी त्याने काय करावं? चुकीचे पत्ते वाटत सुटावं? त्याने गप्प बसणं पसंत केलं. माझ्यापेक्षा शहाणा म्हणायचा.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. सेवा थांबवली, जर्नलची फाईल बाजूला सरकवली, मुख्य फाईल तपासून घेतली, सेवा सुरू केली. शेवटच्या काही मिनिटांत आलेल्या दोन-चार मशीनांची नोंद गेली, ती त्यांनी पत्त्याचं नूतनीकरण करताना आपोआप परत घातली. अकरा चाळीसला पोर्टल उघडलं. आणि योग्य पद्धत? तीही एका ओळीची आहे. हाताने बदल करायचाच असेल तर आधी ‘फ्रीझ’ म्हणायचं, म्हणजे सर्व्हर रोजकीर्द खतावणीत उतरवून वही आपल्या हाती देतो. आपलं लिहून झालं की ‘थॉ’ म्हणायचं. त्याहून चांगलं म्हणजे फाईलला हातच लावायचा नाही, एनएसअपडेट वापरून आपणही मशीनांसारखी रीतसर रांगेत उभं राहून नोंद करायची.

चोर सोडून संन्याशाला

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

रेक्टर मॅडमनी विचारलं, “काय झालं होतं गं?” आणि मी म्हटलं, “मॅडम, लाईट गेल्यामुळे झालं.” बघा, यात एकही शब्द खोटा नाही. लाईट गेली नसती तर ते त्या रात्री झालंही नसतं. पण असं नंतरच्या एखाद्या रीस्टार्टलाही होऊ शकलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या एका वाक्याचा प्रवास सुरू झाला. लाईट गेल्यामुळे झालं, म्हणजे यूपीएस टिकला नाही. यूपीएस टिकला नाही, म्हणजे बॅटऱ्यांची निगा राखली नाही. निगा कोण राखतं? काका. दुपारी काकांच्या हातात मेमो. ‘आपल्या हलगर्जीपणामुळे विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान...’ वगैरे. जो माणूस ड्यूटी नसताना जेवण टाकून आला, त्याला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

मी चार दिवस गप्प राहिले. कारणं भरपूर होती. कमिटीवरून काढतील, इंटर्नशिपच्या फॉर्मवर सरांची सही हवीये, शिवाय यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या होत्याच की. ही सगळी कारणं मी रात्री स्वतःला सांगायचे. दिवसा लॅबमध्ये काका समोर आले की त्यातलं एकही आठवायचं नाही.

पाचव्या दिवशी एचओडी सरांना जाऊन सांगितलं. सर चिडले नाहीत, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मग त्यांनी काकांना बोलावलं. काकांनी खिशातून एक छोटी डायरी काढली. कुठल्या तारखेला यूपीएस किती मिनिटं टिकला, बॅटऱ्या बदलून मिळाव्यात म्हणून अर्ज कधी दिला, सगळं तारीखवार. असे दोन अर्ज त्यांनी आधीच दिलेले होते. मेमो मागे घेतला गेला. पण मेमो मिळाला हे सगळ्या कॉलेजला कळलं होतं, मागे घेतला हे फार थोड्यांना कळलं. म्हणून हे छापून यावं असं मला वाटलं.

बाहेर आल्यावर मी माफी मागितली. काका म्हणाले, “ताई, चूक होते. पण तुम्ही काय बदललं ते कुठे लिहिलं असतं, तर मी आलो तेव्हाच बघितलं असतं. मी आपला वायरी चाचपत बसलो.”

मोठ्या घरचे वासे

आता कुणी म्हणेल, कॉलेजचा सर्व्हर तो, पोराटोरांचा कारभार, चालायचंच. तसं नाही. मोठ्या घरच्यांनाही हेच दुखणं आहे.

जुलै २००९ मध्ये याच बाईंडमध्ये एक दोष जाहीर झाला. मुद्दाम विशिष्ट प्रकारे बनवलेला एकच डायनॅमिक अपडेटचा संदेश पाठवला की मुख्य सर्व्हर जागच्या जागी बंद पडायचा. गंमत म्हणजे ज्यांनी डायनॅमिक अपडेटला परवानगीच दिलेली नव्हती, त्यांचाही! कारण परवानगी तपासायच्या आधीच तो संदेश वाचताना कोलमडायचा. बाईंड बनवणाऱ्या इंटरनेट सिस्टम्स कन्सॉर्शियमने लगेच सुधारित आवृत्ती काढली आणि स्पष्ट लिहिलं की याला दुसरी पळवाट नाही, अपग्रेडच करा.

आणि अगदी अलीकडचं म्हणजे २० ऑक्टोबर २०२५. आपल्याकडे नरकचतुर्दशी होती, दुपारचे सव्वाबारा वाजून गेले होते. ॲमेझॉनच्या क्लाउडच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विभागात डायनॅमोडीबी या डेटाबेसचा पत्ता डीएनएसमधून गायब झाला. नाव जागेवर, त्याच्यापुढे पत्त्याची जागा रिकामी! स्नॅपचॅट, कॅन्व्हा, सिग्नल अशा कितीतरी सेवांना जगभर त्याचा फटका बसला. नंतर ॲमेझॉनने स्वतःच कारण प्रसिद्ध केलं. पत्ते आपोआप बदलणारी त्यांची एक यंत्रणा आहे. तिचा एक भाग पत्त्यांचा आराखडा बनवतो आणि दुसरा भाग तो डीएनएसमध्ये लिहितो. लिहिणारे तीन, एकमेकांपासून स्वतंत्र, एक पडला तर दुसरा असावा म्हणून. त्यातला एक त्या दिवशी फार रेंगाळला. तोवर दुसऱ्याने नवा आराखडा लिहून टाकला आणि जुन्यांची साफसफाई सुरू केली. तेवढ्यात रेंगाळलेल्याने आपल्या हातातला जुना आराखडा नव्यावर लिहिला, आणि साफसफाईवाल्याने तो जुना म्हणून पुसून टाकला. हाती राहिलं शून्य. यंत्रणेला यातून आपलं आपण बाहेर पडता येईना, शेवटी माणसांना हात घालावा लागला. डीएनएसची नोंद तीन तासांच्या आत परत आली, पण तिच्यावर अवलंबून असलेलं बाकीचं रुळावर यायला पुढे कितीतरी तास गेले.

आता आमचं आणि त्यांचं साम्य बघा. त्यांच्याकडे दोन यंत्रं एकाच वहीत लिहीत होती, आमच्याकडे एक यंत्र आणि एक मी. वही एक आणि लिहिणारे दोन, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही! दुखणं तेच.

पण फरकही बघा. त्यांनी काय झालं, कसं झालं आणि आता काय करणार हे सगळं जगासमोर मांडलं, आणि दोष निघेपर्यंत ती स्वयंचलित यंत्रणा जगभर बंद ठेवली. आपण काय केलं? मेमो दिला.

मग करायचं काय?

या प्रकरणानंतर कमिटीत एक सूर निघाला की हे डायनॅमिक वगैरे बंदच करा, सगळ्यांना कायमचे पत्ते द्या, नावं हाताने लिहू. मला हे पटत नाही. शेकडो लॅपटॉप आणि फोन, दर जूनला नवी बॅच, दर सेमिस्टरला बदलणाऱ्या खोल्या. ही यादी हाताने लिहायला बसलो तर आपण परत १९८३ च्या आधी जाऊ, आणि आपल्याकडे फाइनलरबाईही नाहीत. चूक स्वयंचलित यंत्रणेची नव्हती. तिच्या वहीत न विचारता हात घालणाऱ्याची होती. हात पोळला म्हणून चूल विझवत नाहीत.

माझ्या मते चार गोष्टी कराव्यात. पैसा फारसा लागत नाही.

एक, वह्या वेगळ्या करा. पोर्टल, प्रिंटर, लॉगिनचं पान असली कायमची नावं एका झोनमध्ये, तिथे डायनॅमिक अपडेट बंद आणि फक्त माणसाने लिहायचं. विद्यार्थ्यांच्या मशीनांची नावं दुसऱ्या झोनमध्ये, तिथे फक्त यंत्राने लिहायचं, तेही गुप्त किल्ली दाखवून. एक वही, एक लिहिणारा.

दोन, दुसरा सर्व्हर ठेवा. लॅबमध्ये भंगारात काढलेले पीसी आहेत, त्यातला एक पुरेल. तो मुख्य सर्व्हरकडून नावांची प्रत घेऊन ठेवतो आणि मुख्य गप्प बसला तरी ठरलेल्या मुदतीपर्यंत उत्तरं देत राहतो. त्या रात्री तो वेगळ्या खोलीत, वेगळ्या यूपीएसवर असता, तर निम्म्या लोकांना काही घडलंय हे कळलंही नसतं.

तीन, नोंदवही. साधी, कागदाची. लाईट गेल्यावरही उघडते! काय बदललं, कधी, का आणि कोणी. काकांची खिशातली डायरी आमच्या तिघांच्या पासवर्डांपेक्षा जास्त उपयोगी पडली, हे विसरू नका.

चार, आणि हे सगळ्यात अवघड. काही बिघडलं की दोन दिवसांत एक पान नोटीस बोर्डवर लावायचं : काय झालं, कसं कळलं, काय केलं, पुढे काय करणार. त्यात ‘कुणाची हलगर्जी’ ही ओळ नको. ती ओळ असली की माझ्यासारखे चार दिवस गप्प बसतात, आणि तेवढ्या वेळात मेमो सगळ्यात कमी पगाराच्या माणसापर्यंत पोचतो. पाणी उताराकडे जातं तसा दोषही आपल्याकडे खालीच जातो.

सरांनाही एक विनंती, रागावू नका. डीएनएसच्या झाडाची आकृती आम्ही झोपेतही काढू शकतो. वर रूट, खाली फांद्या, दहा पैकी आठ मार्क नक्की. पण लॉग कसा वाचायचा हे आम्हाला कुणी दाखवलं नाही. एका प्रॅक्टिकलला चालतं नेटवर्क द्यायच्या ऐवजी मोडलेलं द्या की! कुठे मोडलंय ते शोधा म्हणा. व्हायवाला विचारा, सर्व्हफेल आणि एनएक्सडोमेनमध्ये फरक काय. आपल्याच पनवेलमध्ये २०२० पासून योट्टाचं अवाढव्य डेटा सेंटर उभं आहे. तिथे नोकरी मिळावी म्हणून आपण रिझ्युमे सजवतो. तिथे गेल्यावरही ‘राउटर बंद-चालू करून बघितला’ हेच सांगणार आहोत का?

असो. फार लेक्चर झालं. मला एवढंच म्हणायचंय की पुढच्या वेळी पोर्टल उघडलं नाही तर ‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी ते तीन प्रश्न विचारा. वाट चालू आहे का? नावाला उत्तर काय येतं? नोंदीत काय लिहिलंय? आणि एक चौथा प्रश्न माझ्यासारख्यांसाठी : शेवटचा हात कुणी लावला होता? उत्तर ‘मी’ असेल तर ते त्याच रात्री सांगून टाका. चार दिवसांनी सांगायला फार जड जातं, अनुभवाचे बोल आहेत.

बॅटऱ्या अजून आलेल्या नाहीत, अर्ज तिसऱ्यांदा गेलाय. वह्या वेगळ्या करायचं काम सुट्टीत करायचं ठरलंय. नोंदवही मात्र आली. सर्व्हर रूमच्या दारामागे खिळ्याला सुतळीने बांधलेली दोनशे पानी वही आहे, कधीही जाऊन बघा. पहिली नोंद माझ्या अक्षरात आहे. तारीख, वेळ, काय बदललं, का, कोणी. खाली काकांची सही आहे. त्यातले माझे ऱ्हस्व-दीर्घही त्यांनीच दुरुस्त केलेत.